सुरकुत्यांचं इंजेक्शन आणि ‘स्वतःची काळजी’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज बायकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला, शेवटी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: ‘सख्यांनो, आयुष्यभर घरच्यांसाठी राबलात, आता स्वतःसाठी जगा. बोटॉक्स फेशियलसारखंच असतं, अर्ध्या तासात घरी. पंचविशीत सुरू केलं तर सुरकुत्या पडतच नाहीत. नाही आवडलं तर सोडून द्या, काही बिघडत नाही. मन प्रसन्न होतं, नैराश्यही पळतं. रोजच्या एका कॉफीच्या पैशांत होतं. हा खर्च नाही, ही स्वतःची काळजी आहे.’

दहा मिनिटांत खाली बदाम उमटले आणि दोघींनी विचारलं, ‘कुठे करतात गं?’

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा आहेत, आणि त्या मला आवडत नाहीत. मी स्वतः पुण्यात दोन ठिकाणी जाऊन चौकशी केली आहे, त्यामुळे हे बोटॉक्सविरुद्धचं लिखाण नाही. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं. माझं भांडण त्या मेसेजशी आहे, कारण तो एका औषधाला काळजीचं नाव देतो आणि औषधाबद्दल जे प्रश्न विचारायला हवेत ते विचारूच देत नाही.

‘फेशियलसारखंच’ इथपासून सुरुवात करते. फेशियल कातडीवर होतं. हे इंजेक्शन स्नायूत जातं आणि नसेकडून स्नायूला येणारा निरोप अडवतं. नसेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, तेव्हा स्नायू आकसतो. बोटॉक्समधलं औषध, बोट्युलिनम टॉक्सिन, ते सुटूच देत नाही. आठी घालायची इच्छा होते, पण आठी पडत नाही. हे टॉक्सिन ज्या जिवाणूपासून मिळतं त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. खराब झालेल्या अन्नातून होणारी, श्वास बंद पाडणारी विषबाधा त्याच्याचमुळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युस्टिनस केर्नर या जर्मन डॉक्टरने सॉसेज खाऊन होणाऱ्या या विषबाधेचं बारकाईने वर्णन केलं होतं. ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज.

‘म्हणजे विषच की!’ असं एका काकूंनी त्याच ग्रुपवर लिहिलं. तेही अर्धवटच आहे. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्सची ठरलेली मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. जीवघेण्या मात्रेच्या मानाने ती फारच थोडी. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी यंत्रणेने २००९ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा छापायला लावला: औषध शरीरात इतरत्र पसरून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. पण असे गंभीर प्रकार मुख्यतः सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांमध्ये, स्नायूंच्या ताठरपणासाठी दिलेल्या मोठ्या मात्रांनंतर नोंदले गेले होते. भीतीही मोजूनच बाळगावी.

या औषधाशी माझी ओळख सौंदर्यामुळे झालेली नाही. कोल्हापूरच्या माझ्या मावशीच्या पापण्या पंधरा वर्षांपूर्वी आपोआप घट्ट मिटायला लागल्या. नजर उत्तम, पण डोळेच उघडेनात. रस्ता ओलांडताना मधेच थांबून ती बोटांनी पापणी वर धरायची. आधी सगळ्यांनी ‘मनावर घेतेस तू’ म्हणून सोडून दिलं. मग एका डॉक्टरांनी निदान केलं, ब्लेफॅरोस्पॅझम, आणि डोळ्यांभोवती बोट्युलिनमची इंजेक्शनं दिली. आठवड्याभरात मावशी पेपर वाचायला लागली. दर तीन महिन्यांनी ती आजही घेते. एकदा उजवी पापणी तीन आठवडे अर्धी उतरलेली राहिली होती. तेव्हा ती फोनवर म्हणाली, ‘सांगितलं होतं त्यांनी, होतं कधीकधी.’

एफडीएची पहिली मान्यताही याच कामांसाठी होती: १९८९, तिरळेपणा आणि पापण्यांचं आकसणं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी त्यामागे अनेक वर्षं काम केलं होतं. पुढे व्हँकूव्हरमध्ये जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंना दिसलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या मावळतात. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्सला एफडीएची मान्यता मिळाली. सौंदर्य हा या औषधाचा नंतर सापडलेला उपयोग आहे. मावशीच्या डॉक्टरांनी कुपी उघडण्याआधी तिला धोके सांगितले होते. तीच कुपी कपाळासाठी उघडताना ते सांगायची गरज संपते का?

‘अर्ध्या तासात घरी’ हे खरं आहे, इंजेक्शनांना तर दहा मिनिटंही पुरतात. पण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात आणि पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे. सुईच्या जागी काळंनिळं होऊ शकतं, डोकं दुखू शकतं. लग्नसराईत आदल्या आठवड्यात धावपळ करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुलीच्या हळदीच्या दिवशी एक भुवई वर आणि एक खाली, असा चेहरा घेऊन कोणाला उभं राहायचं नसतं.

आता पंचविशीचं. या वाक्याचा मला सर्वात जास्त राग आहे, कारण ते माझ्या भाचीच्या वयाच्या मुलींना उद्देशून आहे. सुरकुत्या दोन तऱ्हेच्या: हसताना, आठी घालताना उमटून पुसल्या जाणाऱ्या, आणि चेहरा स्वस्थ असतानाही राहणाऱ्या. वर्षानुवर्षं तीच घडी पडून पहिलीची दुसरी होते, म्हणून आधीच स्नायू शांत केला तर घडी मुरणार नाही, असा हा तर्क. तर्कात दम आहे. पण हाताशी काय आहे? २००६ मध्ये एका जुळ्या बहिणींच्या जोडीची नोंद प्रसिद्ध झाली. एकीने तेरा वर्षं नियमित बोटॉक्स घेतलं होतं, दुसरीने फक्त दोनदा. घेणारीच्या कपाळावर कायमच्या रेघा दिसत नव्हत्या, दुसरीच्या दिसत होत्या. लक्षवेधी आहे, पण ती एकच जोडी आहे. तेवढ्यावर पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘पडतच नाहीत’ असं वचन देता येत नाही. शिवाय गालाचं पातळ होणं, डाग, कातडीचा सैलपणा यांना हे इंजेक्शन हातही लावत नाही. चेहऱ्याच्या त्वचेचं वय वाढवण्यात उन्हाचा वाटा फार मोठा आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात साडेचार वर्षांनंतर त्वचेच्या म्हातारपणाच्या खुणा दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी वाढलेल्या आढळल्या. दुचाकीवरून भर उन्हात कॉलेजला जाणाऱ्या मुलीला मी आधी हे सांगेन.

‘नाही आवडलं तर सोडून द्या’ यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, नस पुन्हा काम करू लागते, चेहरा होता तसा होतो. ‘सोडलं की दुप्पट सुरकुत्या पडतात’ ही अफवा आहे. पण नको वाटलं म्हणून उद्या उलटवता येत नाही. त्वचेखाली भरतात ते हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं, बोट्युलिनमचा परिणाम पुसणारं असं काही नाही. पापणी उतरली तर थेंब टाकून जराशी उचलता येते, बाकी वाट बघायची. मी नववीच्या वर्गाला शिकवते. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली की मी बोलत नाही, नुसती भुवई उचलते, आणि वर्ग शांत होतो. कपाळ जास्त गोठलं तर एक आख्खं सत्र ती भुवई माझ्याकडे नसेल. आवाज चढवावा लागेल, आणि मला तो चढवायचा नाही. नटी, गायिका, कीर्तनकार, लहान बाळाची आई: प्रत्येकीला आपला चेहरा कशासाठी लागतो हे तिलाच माहीत असतं. हा प्रश्न पहिल्या ठिकाणी मला कोणी विचारला नाही.

मेसेज हेही सांगत नाही की काहींनी हे घेऊच नये. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखे नस-स्नायूंचे आजार असणाऱ्यांनी सौंदर्यासाठी ही जोखीम घेऊ नये. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना हे सहसा देत नाहीत. काही प्रतिजैविकांसोबत परिणाम वाढू शकतो. पार्लरमध्ये फेशियलआधी कोणी औषधांची यादी मागत नाही, इथे मागायलाच हवी.

नैराश्याचं वाक्य तर मेसेजमधून काढूनच टाकायला हवं. त्याचं मूळ खऱ्या संशोधनात आहे: २०१४ मध्ये ७४ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि भुवयांमध्ये बोटॉक्स घेतलेल्यांना खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बराच अधिक आराम पडलेला दिसला. पण आपली आठी पडते की नाही हे रुग्णाला आरशात दिसतंच, म्हणजे आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं हे लपून राहत नाही. नैराश्यासाठी एफडीएने त्याला मान्यता दिलेली नाही. ग्रुपवरच्या एखाद्या मैत्रिणीला खरंच झोप लागत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर तिने त्वचेच्या दवाखान्यात जाऊन वीस हजार मोजावेत असं आपण सांगतोय का?

कॉफीचा हिशोब मी करून बघितला. पहिल्या ठिकाणी मला कपाळ, भुवयांचा मध्य आणि डोळ्यांच्या कडा मिळून ६४ युनिट सांगितले, युनिटला ३५० रुपये. झाले २२,४००. त्यावर तेव्हाच्या दराने १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,४३२. वर्षातून तीनदा, ७९,२९६. महिन्याला साडेसहा हजार, आणि तेवढीच माझी आरडी चालू आहे. परवडणाऱ्यांना परवडेल, पण हा रकाना वर्षानुवर्षं चालू राहतो. आणि तो जीएसटी उगाच लागत नाही. आरोग्यसेवा करमुक्त आहे, पण २०१७ च्या अधिसूचनेने केशरोपण आणि कॉस्मेटिक सर्जरी त्यातून वगळली. जन्मजात व्यंग किंवा अपघाताने बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तरच सूट. आरोग्यविम्यातही निव्वळ रूपासाठीचे उपचार वगळलेले असतात. मेसेज म्हणतो खर्च नाही, काळजी. कर आणि विमा दोन्ही त्याला खर्चच मानतात.

आता ‘काळजी’ या शब्दाकडे. ‘आयुष्यभर राबलात’ हे वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण ते खरं आहे. त्यानंतर जे विकलं जातं त्याला माझा आक्षेप आहे. मी पहिल्यांदा चौकशीला गेले ती नणंदेच्या एका वाक्यामुळे. लग्नात ती म्हणाली, ‘वहिनी, किती थकलेल्या दिसताय.’ घरी येऊन दिव्याखाली आरसा धरला तर रेघा दिसल्या, आणि मला वाटलं हेच ते. दोन महिन्यांनी, पाळी लांबत आणि अंगावरून फार जात होतं म्हणून, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. ओठ पांढुरके होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि मी कपाळावर बोट फिरवत बसले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. राबलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा थकवा पुष्कळदा रक्तातला असतो. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्यावर नणंदेने पुन्हा काही म्हटलं नाही. रेघा होत्या तिथेच होत्या.

आणि त्या मेसेजचं न लिहिलेलं वाक्य असं आहे: जी करत नाही ती स्वतःची हेळसांड करते. माझी मैत्रीण दोन वर्षं बोटॉक्स घेते, छान दिसते, आनंदात आहे. ती म्हणते, ‘मला आवडतं म्हणून घेते.’ मला हे पूर्ण पटतं. आवडीला आवड म्हटलं की ती पुढे ढकलता येते, महाग वाटली तर सोडता येते. तिला काळजी म्हटलं की न घेणाऱ्या बाईच्या वाट्याला अपराधीपण येतं.

घ्यायचंच ठरलं तर ‘कुठे करतात?’ याचं उत्तर ग्रुपवर मागू नका. कोण टोचणार, त्यांची पदवी कोणती, नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत आहे का, हे बघा. त्वचारोगातले एमडी किंवा प्लास्टिक सर्जन असावेत. कुपी कुठल्या कंपनीची, तुमच्यासमोर उघडली का, किती युनिट टोचले, हे लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाएवढं नसतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे अनेक राज्यांत लोक आजारी पडले आणि तिथल्या यंत्रणांना इशारा द्यावा लागला. सोसायटीच्या हॉलमध्ये, किटी पार्टीत ‘ग्रुप डिस्काउंट’ मध्ये तर कधीच नको.

पहिल्या ठिकाणी संमतीपत्र माझ्या हातात आलं तेव्हा कपाळावर पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढून झाले होते. वाचायला चष्मा लागतो, तो पर्समध्ये, पर्स बाहेर. मी सही न करता उठले, आणि ठिपके पुसायला कापूस मागितला. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर बाईंनी आधी माझ्या गोळ्यांची चिठ्ठी बघितली, मग आठी घालायला लावली, हसायला लावलं, भुवई उचलायला लावली. शाळेचं ऐकून म्हणाल्या, ‘कपाळाला हात लावायचा नाही, फक्त मधल्या दोन रेघा. वीस युनिट पुरेत.’ संमतीपत्र घरी वाचायला दिलं. ते सध्या माझ्या टेबलावर आहे, दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत मी ठरवणार आहे.