राजीनामा लिहिण्याआधी पत्रे मोजा

सगळ्यात आधी ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहायला या. नोकरी सोडून डोंगरात जावं, गावच्या घराचं रिट्रीट करावं, असं कुणालाही कुठेही वाटू शकतं, पण ते वाटणं पिकायला कासारवडवलीची अढी लागते. बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो. त्या दिसण्याचे बिल्डरने वेगळे पैसे घेतलेले असतात आणि ते वीस वर्षं फेडण्यासाठी आपण रोज सकाळी डोंगराकडे पाठ करून ऐरोलीच्या ऑफिसला निघतो. कापूरबावडी, माजिवडा, कळवा, मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचं तळं. जुलैतल्या एखाद्या सोमवारी गाडी अर्धा तास एकाच खड्ड्यात उभी असताना वायपर आपल्याकडे बघून 'नको, नको' अशी मान हलवतोय असं वाटलं, की समजा अढी पिकली. आता राजीनामा लिहायला हरकत नाही.

नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. त्या काळात ऑफिसातला एकेक जण पँट्रीत गाठून हळूच म्हणतो, "करून दाखवलंस यार! गावाला जागा तर माझीही आहे." या चेहऱ्यांकडे नीट बघून ठेवा. पुढे हेच गिऱ्हाईक म्हणून येणार आहेत आणि 'आपल्या माणसाला किती लावणार?' असं विचारणार आहेत.

घर वडिलोपार्जित असेल तर उत्तम. आमचं मुरबाडच्या पुढे, टोकावड्याहून आत, माळशेजच्या पायथ्याशी आहे. आजोबांनी बांधलेलं. सागाचे वासे, वर पत्रे, मागे गोठा. काका-काकू तिथे चाळीस वर्षं राहताहेत, पण आपण रिट्रीटमध्ये राहतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते काम आपलं. पडवीला 'सिट-आउट' म्हणा, माळ्याला 'लॉफ्ट', चुलीला 'लाइव्ह किचन' आणि या सगळ्याला मिळून 'माउंटन केबिन'. गोठ्याला काही म्हणू नका. पाहुणे म्हणतात.

आता सातबारा. इथे मात्र सावकाश. महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो आणि इतक्या स्वस्तात इतका मोठा धक्का दुसरीकडे मिळत नाही. आमच्या गाव नमुना ७ वर सतरा नावं निघाली. त्यात पहिलं नाव आजोबांचं. ते जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण सरकारदरबारी एकदम ठणठणीत. खालोखाल तीन आत्या, मग गेलेल्या आत्याचे वारस, डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेले. आपण डोंगरावर शांतता विकायला निघालोय ही बातमी फुटली, की झाडून सगळ्यांना त्या जमिनीचा लळा लागतो. वारसनोंद, फेरफार, हक्कसोडपत्र हे शब्द आत्तापासून पाठ करा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेही लक्षात ठेवा.

न्यू जर्सीच्या आतेभावाला मी हक्कसोडपत्रासाठी व्हिडिओ कॉल लावला. तो हळवा झाला. "विहीर आहे का रे अजून? सही मागू नकोस यार, माझं बालपण आहे तिथे." त्याचं बालपण तिथे एकूण आठ दिवस होतं आणि त्यातले सहा दिवस त्याला जुलाब होत होते. विहिरीचंच पाणी.

कृषी पर्यटन धोरण २०२० खाली नोंदणी, स्वयंपाकघराचा अन्न परवाना, ग्रामपंचायतीचा दाखला: हे आपोआप होत नाही, पण त्यावर लिहावं असंही त्यात काही नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. त्या आकड्याने माझी झोप कधी उडवली नाही.

मग एक्सेल उघडा. वर्षाचे ५२ शनिवार, गुणिले चार खोल्या, गुणिले साडेतीन हजार. सात लाख अठ्ठावीस हजार होतात. हा आकडा घरच्यांना दाखवा, आणि वजाबाकी एकटे असाल तेव्हा करा. खरा सीझन पावसाळ्याचा, पण नेमके तेव्हाच धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. आधी कलम १४४ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आदेश बरोबरच असतो, माणसं वाहून जातात, त्यात विनोद नाही. विनोद एवढाच, की आपल्या जाहिरातीत पहिला फोटो धबधब्याचा असतो. घाटात दरड आली की आणखी दोन शनिवार गेले. श्रावणात 'चिकन नाही तर यायचं कशाला?', पितृपक्षात सामसूम, मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते आणि टँकरवाला आपल्यापेक्षा बरा कमावतो. उरतात थंडीतले आठ-दहा शनिवार. त्यातला एक म्हसा गावच्या यात्रेत जातो, कारण काकांना बैल बघायचे असतात, काकूला घोंगडी घ्यायची असते आणि तुम्हाला चूल पेटवता येत नाही.

पत्रे मोजायचं राहिलंच. आमच्याकडे ४२ आहेत. प्रत्येकाला आठ-दहा बोल्ट, प्रत्येक बोल्टाखाली एक वॉशर. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस लागला की त्या चारशे वॉशरांतला नेमका पाहुण्याच्या उशीवरचा फाटलेला निघतो. पहिल्याच पाहुण्यांच्या रात्री, दोनच्या सुमाराला, मी डांबराचा डबा आणि ताडपत्रीचा तुकडा घेऊन वर होतो. दातांत टॉर्च, पायाखाली शेवाळ. खालून गृहस्थांनी विचारलं, "ही ॲक्टिव्हिटी पॅकेजमध्ये आहे का?" थोड्या वेळाने त्यांच्या मिसेसनी खिडकीतून विचारलं, "बेडूक थोडे कमी होतील का?" मी सवयीने म्हणालो, "चेक करून सांगतो." ऐरोलीत नऊ वर्षं हेच वाक्य वापरून पोट भरलं होतं. त्या नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी सध्या सेप्टिक टँकच्या रूपात जमिनीखाली आहे. गुंतवणूक खोल असावी म्हणतात.

स्वयंपाकाची काळजी करू नका, ती काकू करते. खरं म्हणजे रिट्रीटही काकूच चालवते, मी फक्त बुकिंग घेतो आणि दमतो. पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी येते. ती सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची आणि काकडं ही आंबट रानफळं घालून शिजवायची, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकू सकाळी सहाला बसते ती दहाला उठते. मग पाहुणे टेबलावर येतात, भाजीचा फोटो काढतात आणि पनीर आहे का विचारतात. पनीर मुरबाडहून आणायचं काम माझं. आमच्या माहितीपत्रकात काकूचा उल्लेख 'स्थानिक चव' असा आहे. तिने तो वाचून विचारलं, "आणि पगार कुठे लिहिलाय?" तुम्हीही आपल्या काकूला माहितीपत्रक वाचायला देऊ नका.

राहिली सगळ्यात महत्त्वाची अट, जी असल्या यशोगाथांत कुणी छापत नाही. नोकरी सोडण्याआधी घरात नोकरी न सोडणारं माणूस पाहिजे. माझी बायको अजून कापूरबावडी-माजिवडा-विटावा करते. कासारवडवलीचा हप्ता तिच्या खात्यातून जातो आणि मुलाच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुपही तिच्याच फोनवर असतो. कुणी विचारलं तर मी सांगतो, "आम्ही शहर सोडलं." आम्ही म्हणजे मी.

शुक्रवारी रात्री ती येते. येताना सिलिंडरचा रेग्युलेटर, दोन किलो पनीर आणि वॉशरचं पाकीट घेऊन येते. गेल्या शनिवारी सकाळी तिचा कॉल होता. सगळ्या घरात रेंज फक्त पडवीच्या एका खांबापाशी, म्हणून खांबाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बसली होती. मागे धुक्यात अख्खा माळशेज. मी चहा ठेवला आणि स्क्रीनबाहेर उभा राहिलो. पलीकडून तिचा मॅनेजर म्हणाला, "वा, बॅकग्राउंड मस्त आहे. व्हर्च्युअल ना?"

ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली.

"हो सर, व्हर्च्युअलच," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या मागून काका म्हैस घेऊन गेले.