पिकअप गेलाय? घाई नको

अ‍ॅक्सिलेटर दाबला आणि गाडी जरा थांबून, मग मनाविरुद्ध निघाली, तर घाबरू नका. बोनेट तर मुळीच उघडू नका. आपल्याकडे दुखणं आधी चारचौघांत चघळायचं असतं, तपासायचं नंतर.

गॅरेजवर गेलात की एवढंच म्हणा, "मेस्त्री, गाडयेक पिकअप नाय." इंजिन गार असताना होतं की तापल्यावर, पहिल्या गिअरला की चौथ्याला, एसी लावल्यावर की कायम, हे सांगू नका, त्याच्या विद्येचा अपमान होतो. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे तर चुकूनही बघू नका. पाय दाबल्यावर काटा वर पळाला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय. काटाच सुस्त असेल, तर इंजिनाला हवा, इंधन किंवा निरोप वेळेवर पोचत नाही. हा फरक परशुराम घाटाच्या चढाला लगेच कळतो, तोही फुकट. एवढ्यात निदान झालं तर बाकड्यावर बसून चहा प्यायचा कधी? आणि गणपतीत हायवेच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची आपली कला? क्लचप्लेट जळल्याचा वास आला की पुढच्या ट्रकाला नावं ठेवायची सोय आहेच.

एअर फिल्टरचा विषय टाळा. डब्याच्या चार क्लिपा काढल्या की फिल्टर बाहेर येतो, आणि तो जांभ्याच्या रंगाचा झालेला दिसतो. रस्त्याची तांबडी धूळ, वर पावसाळ्याची ओल, कोपऱ्यात उंदराने जमवलेलं नारळाचं सोडण. ते पाहिलं की बदलावा लागतो. न पाहिलेला फिल्टर कायम नवाच असतो.

आता थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. पूर्वी पेडलला केबल होती. ओढली की झडप उघडायची. हल्लीच्या गाड्यांत पेडल फक्त अर्ज करतं. त्याच्यातले दोन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतात, साहेब कागद बघतात, मग छोट्या मोटरला झडप फिरवायचा हुकूम सुटतो. दोन कारकुनांचे आकडे जुळले नाहीत की साहेब पी२१३८ या बिघाडाच्या कोडचा शेरा मारतात आणि गाडी बैलगाडीच्या वेगावर आणून ठेवतात. आपल्या खाऱ्या हवेत अशा कनेक्टरच्या पिनांवर हिरवा कीट चढतो. तो साफ करून बघणं फारच गावठी. थेट "सेन्सर गेलो" म्हणा आणि अख्खं पेडल मागवा. नवीन आलं, जुन्याच कीटलेल्या कनेक्टरला जोडलं, काही फरक पडला नाही, की पुढच्या सेन्सरकडे वळा. आणि हो, कोड वाचणारा स्कॅनर लावलाच तर कोड लिहून घेण्याआधी पुसायचा. डॅशबोर्डवरची लाइट गेली म्हणजे आजार गेला.

झडपेभोवती काळा कार्बन बसलेला असेल, तर स्प्रे आणि मऊ कापड कशाला? पॉलिश पेपर घ्या. आतला मुलामा निघून जाईल, पण चकाकी येईल. इग्निशन चालू ठेवून झडप स्क्रूड्रायव्हरने रेटा, म्हणजे मोटरचे प्लास्टिकचे दातेही तपासून होतात. नंतर काही गाड्यांत झडपेची नवी जागा ईसीयूला शिकवावी लागते, तेवढं विसरा. गाडी उभ्या जागी भलत्याच आरपीएमवर गुरगुरायला लागली की लोकांना वाटेल, इंजिन सुधारलं.

हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरची तार केसासारखी बारीक असते. बनियनच्या फडक्याने जोर लावून पुसा. शिवाय तेल लावलेला रेसिंग फिल्टर बसवा. जादा झालेलं तेल त्याच तारेवर जाऊन बसतं.

डिझेलवाल्यांना वेगळा उपदेश. टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, फिरायला आरपीएम लागतात, तेव्हा चढाला चौथ्यातच राहा आणि गाडीला शिव्या द्या. खाली गिअर टाकणं कमीपणाचं. टर्बोच्या पाइपाला चीर पडून शिट्टी वाजत असेल आणि मागे काळा धूर असेल, तर काच वर करून भजनं लावा.

एवढ्यानेही भागलं नाही तर पेडलला जोडायची ती डबी मागवा. इंजिनाची ताकद ती तसूभरही वाढवत नाही. तुम्ही थोडं दाबलं की जास्त दाबलं असं ईसीयूला खोटं सांगते. आपल्याला चालण्यासारखं आहे.

पण पायाखाली मात्र वाकून बघू नका. कंपनीचं मॅट, त्यावर पावसाळ्याचं रबरी मॅट, त्यावर चिखलासाठी अंथरलेलं गोणपाट, आणि या तीन थरांवर टेकून अर्ध्यातच अडकलेलं पेडल. डॅशबोर्डवरचं हिरवं इकोचं बटणही तसंच राहू द्या. पाय दाबला तरी झडप सावकाश उघडायची, हेच त्याचं काम. मागच्या मे महिन्यात कुणा पोराने दाबलं असेल. त्याच्यावर कशाला ओरडायचं?

शेवटी गाडी विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत लिहा: एक हाती, घरगुती वापर, स्वभावाने शांत, पेडल नवीन.