दुसऱ्या मुलाचं आम्ही का विचारतो : एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मी स्वतः वाचला आणि उत्तरही मीच लिहिते आहे. तुमच्या फाइलमधला एक शब्दही इथे येणार नाही. पेशंटची माहिती चारचौघांत मांडणं वैद्यकीय आचारसंहितेत बसत नाही. तुम्ही इथे जे लिहिलं आहे, तेवढ्यावरच बोलते.

तुमचं म्हणणं असं : टमी टक (पोटाची लोंबणारी त्वचा काढून सैल स्नायू जुळवण्याचं ऑपरेशन) करायचं ठरवून आलात, पैशांची सोय झाली होती, आणि "डॉक्टर मॅडम पोट पाहायचं सोडून दुसरं मूल कधी, गोळ्या घेता का, हेच विचारून राहिल्या". मग "आधी बाळ होऊ द्या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी लगेच तारीख मिळाली. आमच्याकडे ताटकळत बसावं लागलं आणि तपासणीची फी परत हवी, हेही आहे. शेवटी तुम्ही लिहिलंत, "इथे घाबरवतात, ऑपरेशननंतर दिवस गेले तर टाके तुटतात आणि बाळाला धोका होतो म्हणतात."

या शेवटच्या वाक्याचं आधी बोलते, कारण ते फक्त तुमच्या-माझ्यातलं नाही. टमी टक झालेली आणि आता चौथा-पाचवा महिना लागलेली एखादी मुलगी हे वाचेल आणि तिची झोप उडेल. तिच्यासाठी स्पष्ट लिहिते : या ऑपरेशनमुळे बाळाला धोका होतो, असं आम्ही कोणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. टमी टकमध्ये आम्ही त्वचा, चरबी आणि पोटाच्या स्नायूंवरचं मजबूत आवरण एवढ्यावरच काम करतो. त्याच्या आत पोटाची पोकळी असते, तिथे आम्ही शिरत नाही. गर्भपिशवी, नळ्या, अंडाशय यांना हात लागत नाही. त्यामुळे दिवस राहायला अडचण येत नाही आणि बाळाची वाढही सहसा अडत नाही. पोटाची भिंत महिन्यामहिन्याने सैल होत जाते, ती जागा देते. अशा गरोदरपणांच्या ज्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, त्यांतली बहुतेक सुरळीत पार पडलेली आहेत. नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते. सिझर लागलंच तर ते बहुधा जुन्या व्रणातूनच करता येतं. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर ताण जास्त जाणवतो, व्रणाजवळ ओढल्यासारखं होतं, बेंबीखालचा भाग बधिर असला तर जरा विचित्र वाटतं. म्हणून भिऊन कोणीही भलता निर्णय घेऊ नये. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कोणतं ऑपरेशन केव्हा झालं ते सांगावं आणि ऑपरेशनचा कागद दाखवावा. एवढं पुरे.

धोका आहे तो ऑपरेशनच्या फळाला. पहिल्या गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत बऱ्यापैकी जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग जेवल्यावर पोट पुढे येतं, कंबर दुखते आणि लोक "पुन्हा गोड बातमी का?" म्हणून विचारतात. हे ऐकून कोंडल्यासारखं होतं, ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी याच प्रश्नाला कंटाळून येतात, हौस म्हणून नाही. पोट बांधून घेतल्याने आधार वाटतो, पण दूर गेलेले स्नायू पट्ट्याने जुळत नाहीत. ऑपरेशनमध्ये आम्ही ते न विरघळणाऱ्या टाक्यांनी मधोमध जवळ आणतो, वरची जास्तीची त्वचा काढतो आणि बेंबी नव्या जागी बसवतो. पुढच्या गरोदरपणात याच शिवणीवर नऊ महिने ताण येतो. ती काही जणींची टिकते, काही जणींची सैल होते. त्वचा पुन्हा ताणली जाते, नवे स्ट्रेच मार्क येतात. किती सैल होईल, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. मग पुन्हा भूल, पुन्हा तेवढाच लांब व्रण उघडायचा, पुन्हा काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे तान्ह्याला उचलून घ्यायचं नाही. आणि पुन्हा पैसे. घराघरांत हे पैसे कसे जमतात ते मी पाहिलेलं आहे. कोणी भिशी उचलते, कोणी सोनं ठेवते. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल, तर त्या बाईकडून आज पैसे घेणं मला पटत नाही. जिचं ऑपरेशन झालेलं आहे, तिलाही आम्ही निदान वर्षभर थांबून मग बाळाचा विचार करायला सांगतो.

गोळ्यांचंही तसंच. टमी टकनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये ही भीती ज्या ऑपरेशनांत जास्त, त्यांत हे मोडतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी ती वाढते. न विचारता टेबलावर घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. खर्रा, गुडाखू, तंबाखू हेही सुरक्षिततेसाठीच विचारतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेल्या त्वचेची कड काळी पडू शकते. आपल्या नागपुरात हा प्रश्न बायकांना विचारला की राग येतो, पण घरात सवय आहे आणि सांगितली नाही, असं असलं की जखम भरत नाही.

"प्लास्टिक सर्जनचा मुलाबाळांशी काय संबंध," असं तुम्ही विचारलं आहे. पोटाची लोंबणारी त्वचा काढण्याच्या ऑपरेशनची माहिती १८९९ मध्ये अमेरिकेत ज्यांनी प्रसिद्ध केली, ते हॉवर्ड केली स्त्रीरोगतज्ज्ञ होते. हा विषय पहिल्यापासून बाळंतपणाला चिकटलेला आहे.

मूल होऊ द्या, असं सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि सासरकडून येणाऱ्या "आता एकाला दोन होऊ द्या"मध्ये डॉक्टरने भर घालू नये, या मताची मी आहे. आम्ही विचारतो ते तुमचं ठरलं आहे का, एवढंच. नको हे पक्कं असेल तर ऑपरेशनला या कारणाने आमची हरकत नाही. ठरलेलं नाही, पण आताच हवं आहे, असं असेल तरी बोलता येतं. पुढे दिवस गेले तर निकाल बिघडू शकतो, हे समजून-उमजून संमतिपत्रावर सही करणाऱ्या बायकांची ऑपरेशनं आम्ही करतो. मूल नक्की हवं आहे आणि लवकर हवं आहे, एवढ्याच वेळी आम्ही थांबायला सांगतो. मग डिलिव्हरीनंतर निदान सहा महिने, अंगावरचं दूध सुटलेलं आणि वजन काही महिने एका जागी आलेलं, अशी वेळ धरतो. शक्यतो हिवाळा. मे महिन्यातल्या नागपुरात ऑपरेशननंतरचा घट्ट पट्टा दिवसरात्र घालून बसणं हाल आहेत.

त्या दिवशी ताटकळत बसावं लागलं त्याबद्दल : त्या दिवशी अपघाताची केस आली होती, असं आमच्याकडे नेहमीच होतं आणि पुढेही होईल. तपासणीची फी परत मिळणार नाही. ती तपासणीची होती, ऑपरेशनची नाही.

दुसऱ्या ठिकाणी तारीख मिळाली असेल तर माझा काही राग नाही. तिथले सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. ही पदवी घेतलेले आहेत का, ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ असतील का, आणि पुढे मूल झालं तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोण करणार, हे विचारून घ्या. तोवर पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेत तर आजही फायदा होईल, आणि त्यासाठी चिठ्ठी हवी असेल तर रिसेप्शनवर सांगा, लिहून ठेवते. सोबत कोणाला आणायचं असेल तर आणा, एकटीने बोलायचं असेल तर तसं आधी कळवा, बाकीच्यांना बाहेर बसवू.

– संचालिका व प्लास्टिक सर्जन