मडगार्ड, जागा मर्यादित

जूनमध्ये शाळा उघडली त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट, मी फळ्याकडं तोंड करून तारीख लिहायलो होतो आणि मागं पोरांची खुसखुस सुरू झाली. वळून बघितलं की सगळे गप्प, परत फळ्याकडं वळलो की परत खुसखुस. शेवटी पहिल्या रांगेतली एक बारकी पोरगी धीर करून म्हणली, "सर, तुमच्या पाठीवर गांडूळ हाय." ऑफिसात जाऊन आरशासमोर मान मोडूस्तोवर वळून बघितलं तर कमरेपासून कॉलरपर्यंत चिखलाची एकच काळी रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. शर्ट अर्थातच पांढरा.

आमची शाळा लातूरपासून नऊ किलोमीटर, त्यातले साडेसात डांबरी आणि शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा. मागच्या दिवाळीत डॉक्टर म्हणले शुगर बॉर्डरवर आहे, तवापासून मी मोटारसायकल घरी लावली आणि गिअरची, पातळ टायरवाली सायकल घेतली. गावातल्या लोकांना हे अजून पचलेलं नाही, रोज पारावरून कुणीतरी विचारतंच, "सर, गाडी इकली का?" तर ते असो. सायकल घेताना दुकानदार म्हणला होता की ह्या मॉडेलला मडगार्ड नसतंय, स्पोर्टी लुक आहे. हिवाळा-उन्हाळा तो लुक पुढून बघितला, पावसाळ्यात पहिल्यांदा मागून बघायला मिळाला.

मग रविवारी लातूरच्या गंजगोलाईत, बाजारपेठेत गेलो. तिथं १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावर एका चाचाचं सायकलचं दुकान आहे, जुन्या काळ्या सायकलींची लोखंडी मडगार्डं छताला हारानं टांगलेली. चाचानं एक काढून लावून बघितलं, ते चाकापर्यंत पोचायच्या आधीच ब्रेकला अडलं. मग त्यांनी सायकल उलटी करून पुढच्या चाकाच्या चिमट्याचं बूड बघितलं, मागचं बूड बघितलं आणि डॉक्टरसारखं मान हलवून म्हणले, "सर, इसकू कान नहीं है." म्हणजे मडगार्डच्या काड्या स्क्रूनं कसायला जी भोकं लागतात ती कंपनीनं पाडलेलीच नव्हती. सोळा हजाराची सायकल, आणि बिनकानाची.

आता मी पडलो विज्ञानाचा मास्तर, म्हणलं ह्यात काय अवघड आहे, घरीच करू. टायरला चिकटलेलं पाणी चाकाबरोबर वर येतं आणि सुटलं की स्पर्शिकेच्या दिशेनं सरळ जातं, हे मीच पोरांना दगडाला दोरी बांधून गरगर फिरवून शिकवतो. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर, म्हणून सगळ्यांचं लक्ष पाठीकडं. पण खरा हरामी पुढचा चाक! त्याच्या वरच्या अंगाचं पाणी पुढं उडतं आणि आपण मागून जाऊन त्यात तोंड घालतो, आणि खालच्या अंगाचं सगळं बुटात आणि चेनवर. माझी चेन आठवड्यात करकर करायला लागली होती, जात्यात वाळू दळल्यागत.

पहिला प्रयोग दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा, उभी कापून सीटखाली बांधली. ती चार किलोमीटर शेपटीसारखी हालली आणि मग एका खड्ड्यात निवांत पडून राहिली. तिच्याबद्दल एवढंच.

मग नजर गेली तेलाच्या १५ लिटरच्या कॅनवर. काय सुंदर वस्तू, जाड, लवचिक, कडा आधीच गोल. मी करवत घेऊन बसतोय तोवर आतून बायकोचा आवाज आला, "आवो, कॅनला हात लावायचा नाही!" हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. तो उन्हाळा ज्या बाईनं रांगेत काढला ती आता कुठलंही भांडं फेकू देत नाही. आमच्या घरात कॅनी मोजलेल्या आहेत. एकूण १९. पाऊस धो धो पडत असला तरी १९ च. मी म्हणलं, "आगं एकच." ती म्हणली, "एक कॅन म्हणजे एका माणसाची आंघोळ. तुम्ही करणार का बिनआंघोळीचं?" करवत गुमान जागेवर ठेवली.

राहता राहिला सनपॅक बोर्ड, म्हणजे जाहिरातीचा तो पोकळ प्लास्टिकचा. लातुरात ह्याची काही कमी नाही, लातूर पॅटर्नच्या कृपेनं विजेच्या प्रत्येक खांबाला कुठल्या ना कुठल्या क्लासचा बोर्ड लटकलेला असतो आणि वादळ आलं की त्यातले आठ-दहा तरी रस्त्यावर पडतात. असाच एक नालीत पडलेला, चांगला सहा बाय तीनचा, मी संध्याकाळी अंधार पडल्यावर उचलून आणला. मास्तरानं क्लासचा बोर्ड चोरला अशी बातमी नको म्हणून उलटा धरून आणला, तर मागच्या बाजूलाही छापलेलंच होतं.

सनपॅकची गंमत अशी की त्याच्या पोटात बारीक बारीक नळ्या असतात एका ओळीत. मी पहिली पट्टी नळ्यांच्या उभ्या दिशेनं कापली, चांगली पाच फुटी, दोन्ही बाजूच्या एकेका नळीला वरून ब्लेड मारून कडा खाली दुमडल्या, काय छान पन्हळीसारखा आकार आला, आणि चाकावर वाकवायला गेलो तर वाकेचना. नळ्या उभ्या असल्या की ती पट्टी फळीसारखी ताठ राहते. जोर केला तर मधेच मोडल्यागत घडी पडायला लागली, सोडली तर सटकन सरळ होऊन हनुवटीवर बसली. वैतागून ती गच्चीवर फेकली. मग दुसरी पट्टी नळ्या आडव्या ठेवून कापली, ती चाकासारखी मस्त वळली पण चपटी, कडा नसल्या की पाणी बाजूनं गळून बुटातच येणार. म्हणून कडेला दोन-दोन इंचावर चिरा मारल्या आणि झालरीसारख्या खाली दुमडून एकावर एक केबल टायनं बांधल्या. हे वाचायला एक ओळ लागली, मला तीन संध्याकाळी लागल्या आणि अंगठ्याला दोन पट्ट्या.

काड्यांचा प्रश्न जुन्या छत्रीनं सोडवला. छत्रीच्या काड्या म्हणजे मडगार्डच्या काड्याच की, हलक्या, ताठ, टोकाला आयतं भोक. कान नसल्यामुळं चिमट्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून घरातल्या गॅसच्या नळीची जुनी क्लिप, तिच्यात काडी. ट्यूबची पट्टी फार मोठी वस्तू आहे राव, जिथं खडखड तिथं ट्यूब. पुढच्या मडगार्डला खाली रबराचं लोंबतं लावलं, जमिनीपासून चार बोटं वर, कारण बूट वाचायचे असतील तर ते खालीच यायला पाहिजे. आणि टायर आणि मडगार्डच्या मधी जागा ठेवली बरोबर एक बोट, सगळीकडं सारखी, पट्टीनं मोजून. ह्या एका बोटाचा मला लई अभिमान होता.

सायकल उभी करून लांबून बघितली तर पुढच्या मडगार्डवर ठळक लाल अक्षरात ‘प्रवेश देणे सुरू आहे’ आणि मागच्यावर, बरोबर सीटच्या खाली, ‘जागा मर्यादित’. बायको दारातच हसत बसली.

आणि मग पाऊस बंद झाला. मराठवाड्यात पावसाचा खंड काही नवा नाही, पण हा नेमका मी शेवटचा केबल टाय ओढला त्या रात्रीपासून. आठ दिवस, बारा दिवस, सोयाबीन दोन पानावर येऊन माना टाकायला लागलेलं, लोक दुबार पेरणीचं बोलायलेले, आणि मी रोज कडकडीत उन्हात मडगार्ड लावून धूळ उडवत जायलोय. विसाव्या दिवशी पारावरचे एक तात्या उठून सायकलपाशी आले, ‘जागा मर्यादित’ वर हात फिरवला आणि अगदी मनापासून म्हणले, "सर, तेवढं काढून बघा की. बघू येतोय का." मला हसावं का काढावं कळेना. कारण माणूस चेष्टा करत नव्हता.

काढलं नाही. बाविसाव्या रात्री पाऊस आला, आणि असा आला की सकाळी आकाश अजून गळायलेलं. मी जाणूनबुजून पांढरा शर्ट घातला. डांबरी रस्ता साडेसात किलोमीटर मी राजासारखा गेलो. डबकं दिसलं की मुद्दाम त्यातून. खालून सनपॅकवर पाण्याचा तडतड आवाज, आणि पाठ कोरडी, चेन कोरडी, बूट कोरडे. एका एसटीनं बाजूनं सगळं अंगावर उडवलं ती गोष्ट वेगळी, त्यावर मडगार्ड नाही.

मग डांबरी संपला. आमची काळी माती म्हणजे पाणी पिऊन फुगणारी जात, उन्हाळ्यात भेगा एवढ्या की चप्पल जाईल आणि पावसात चिकट एवढी की चप्पल येणार नाही. पहिल्या पन्नास पावलातच टायर दुप्पट जाड झाला. त्या एका बोटाच्या फटीत माती शिरायला लागली, मागून अजून माती, ती पुढचीला दाबायली, आणि शंभर पावलांवर पुढचं चाक थांबलं. थांबलं म्हणजे ब्रेक मारल्यासारखं. मी उतरलो, ढकललं, चाक फिरेना, नुसतं घसरत चाललं. वर पाटी तशीच, प्रवेश देणे सुरू आहे. आणि मागं तर ॲडमिशन फुल्ल.

वावरातून तात्याच आले. खिशात हात घालून थोडा वेळ बघितलं, "सायकल चालवायलाव का वखर?" असं विचारलं आणि वखराच्या पासंची माती ज्यानं खरडतात तसल्या काठीनं खालून एकेक लादा काढायला लागले. लाद्याबरोबर छत्रीची एक काडी पण आली. उरलेला रस्ता सायकल माझ्या खांद्यावर, त्या खांद्यावरून चिखलाचा ओघळ पाठीवर. वर्गात गेल्यावर तीच पोरगी म्हणली, "सर, आज गांडूळ तिरपं हाय."

रविवारी परत चाचाकडं. त्यांनी मडगार्ड बघितलं, वाचलं, हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. म्हणले, "डांबर कू एक उंगली, काली मिट्टी कू चार उंगली." वरून हे पण सांगितलं की खेड्यावरचे दूधवाले पावसाळा लागला की त्यांच्याकडं मडगार्ड काढायला येतात. बावीस दिवस मी ह्या दुकानासमोरून गेलो होतो.

आता व्यवस्था अशी आहे की मागचं चार बोटं वर उचललंय, पुढचं दोन क्लिपांवर आहे, डांबरी संपला की काढून पाठीला अडकवायचं. म्हणजे शेवटच्या दीड किलोमीटरला ‘प्रवेश देणे सुरू आहे’ माझ्या पाठीवर असतं. पारावरचे लोक वाचतात.

त्याच आठवड्यात एका रात्री पाऊस लागला आणि मागं गच्चीच्या पत्र्याखाली काहीतरी आवाज यायला लागला म्हणून बॅटरी घेऊन गेलो. माझी ती पहिली, पाच फुटी, वाकायला तयार नसलेली पट्टी बायकोनं पत्र्याच्या कडेला तारेनं बांधली होती. दुमडलेल्या कडांमधून पाणी एक थेंब इकडंतिकडं न सांडता सरळ कॅनीत पडायलेलं, आणि पट्टीच्या अंगावर, ‘१००% निकाल’. सहावी कॅन भरायली होती. बायको म्हणली, "उभे काय राहिलात, ती बाजूला घ्या आणि सातवी लावा."