पट कमी झाला म्हणे!

आज सकाळी दुकान उघडायला आलो तर समोरच्या जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला फ्लेक्स बांधलेला. टाय लावलेलं गोरंपान पोरगं, खाली 'प्रवेश सुरू, नर्सरी ते चौथी, व्हॅनची सोय'. कुठली इंग्रजी शाळा ते जाऊ द्या. पण सरकारी शाळेच्या कुंपणाला? तेही शाळा उघडण्याच्या आठवड्यात? बाईंनी प्रवेशोत्सवासाठी बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण त्या फ्लेक्सखाली दबून गेलं होतं. बांधणाऱ्याला कुणी हटकलं नाही. उलट टपरीवरचा एक जण मलाच समजावतो, "भाऊ, ती शाळा आता किती दिवसांची? पटच नाही राहिला."

पट नाही राहिला. जसं काही पट म्हणजे विहिरीचं पाणी, उन्हाळा लागला की आपोआप आटतं. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. लांब होईल, ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल रील बघावेत.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. गावठाणात मोठी शाळा आहे, आणि आमच्या प्लॉट भागात ही छोटी, पहिली ते चौथी. माझं खताचं दुकान तिच्या अगदी समोर. गेल्या दहा वर्षांत शाळेचं काय झालं ते मला हजेरीपटावरून नाही, काकूच्या पातेल्यावरून कळलं. काकू म्हणजे आमच्या गल्लीतली, सगळ्यांचीच काकू, शाळेत खिचडी शिजवते. पहिली ते पाचवीच्या पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, हा सरकारी हिशोब. दहा वर्षांपूर्वी ती रोज सहा-साडेसहा किलो तांदूळ निवडायला बसायची. किती पोरं होती ते तुम्हीच काढा.

२०१५ च्या जूनमध्ये सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' काढलं. फरशीवर अंक रंगले, आइस्क्रीमच्या काड्यांचे दशक-एकक बांधले गेले, पोरं गोल करून बसायला लागली. मग डिजिटल शाळेची लाट आली. लोकवर्गणी झाली, कापूस विकून आलेल्या पैशातून लोकांनी शंभर-पाचशे दिले, सालदारांनीसुद्धा, म्हणजे सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्यांनीसुद्धा दिले. टीव्ही आला. उद्घाटनाला गावातले एक मोठे गृहस्थ माइकवर "ही आपली शाळा, आपली शाळा" करत घसा बसेपर्यंत बोलले. काकूने त्या दिवशी मोठं पातेलं भरून खिचडी केली, वर गूळ-शेंगदाणे. पोरं दोन-दोनदा मागून जेवली, ते गृहस्थही जेवले. आणि पुढच्या जूनमध्ये त्यांचा नातू पिवळ्या व्हॅनमध्ये!

मला राग त्या नातवाचा नाही हो. पोरगं गोड आहे, दुकानावर येतं.

२०१७ साल आठवतं? बोंडअळीचं वर्ष. त्याच डिसेंबरात दहापेक्षा कमी पोरं असलेल्या राज्यातल्या जवळजवळ १३०० शाळा बंद करायचा निर्णय आला. गावात कुणी हू की चू केलं नाही, कारण आपल्याकडे पट भरपूर होता ना! २०१८ मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या आणि आमच्या बाई गेल्या. पहिलीच्या पोराशी आधी अहिराणीत बोलून मग हळूच पुस्तकातल्या मराठीत आणणाऱ्या बाई. त्यांची जागा बरेच महिने रिकामी होती. कायदा म्हणतो साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. आमच्याकडे उरलेले एक गुरुजी चार वर्ग सांभाळून मतदार याद्या करत होते, ऑनलाइन माहिती भरत होते.

आता खरं बोलतो, कुणाला लागलं तर लागू दे. शाळेतून आधी कोण गेलं? ट्रॅक्टरवाले, नोकरीवाले, सोसायटीचे संचालक. म्हणजे ज्यांच्या एका फोनवर पंचायत समितीतला साहेब खुर्चीतून उठतो ते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच पाहिजेत असा शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे. चांगलाच नियम आहे. पण या लोकांनी पोरं काढली तशी समितीत उरले सालदार, वेचणीच्या मजुरीवाले आणि सातपुड्यातून आलेली दोन-चार पावरा आदिवासी कुटुंबं. त्यांनी दिवसाची मजुरी बुडवून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं आणि विचारायचं की आमच्या बाईंच्या जागी कोण देता? एक जण गेला होता. दिवसभर बाकड्यावर बसून परत आला.

आणि त्या लोकांचं वर्ष जूनला कुठे सुरू होतं? सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. नवा मालक, नवं गाव, पोरगं सोबत. ऊसतोडीवाले दिवाळीनंतर निघतात. ३० सप्टेंबरला पट मोजला जातो तेव्हा पोर बाकावर असतं, डिसेंबरात कारखान्यावर. कागद बघून हे कुणाला कळणार?

लॉकडाऊनचं थोडक्यात सांगतो. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं होतं म्हणे. घरात एक मोबाइल, तो बापासोबत शेतात. काकू कोरडा तांदूळ मोजून घरोघरच्या पिशव्यांत भरत होती, तेवढंच काय ते सुरू होतं.

पुढे २०२३ मध्ये समूह शाळेचं निघालं, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, उदाहरण दिलं आपल्याच नंदुरबारच्या तोरणमाळचं. तोरणमाळला पाडे डोंगरात विखुरलेले, तिथे एका जागी सोय केली तर पटतं, मान्य. पण इथे सपाट रानात सहा वर्षांची पोर हायवे ओलांडून पाठवायची? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे कायद्यातच आहे ना?

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मीही गेलो होतो, फेटा बांधून. मजा आली, खोटं कशाला बोलू. साने गुरुजी १९२४ ते १९३० याच अमळनेरात शिक्षक होते, हे प्रत्येक भाषणात ऐकलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावातून जीप भरून गेल्या होत्या. त्या जीपमधल्या एकाचंही पोर मराठी शाळेत नाही. एकाचंही!

त्याच वर्षी 'एक राज्य एक गणवेश' आला. पावसाळा अर्धा सरला तेव्हा कपडे मिळाले, कुणाची बाही कोपरावर, कुणाची चड्डी घोट्यावर. काकू पोरांना बघून हसायची आणि मग स्वतःच उसवून टीप मारून द्यायची. आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं, पोरं त्या दिवशी हमखास यायची. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून करा म्हणाले. परत लोकसहभाग! सहभाग देणारे लोक तर व्हॅनमध्ये बसून गेले.

इंग्रजी यावं असं कुणाला वाटत नाही? वाटायलाच पाहिजे. मधल्या काळात एक गुरुजी फळ्यापेक्षा मोबाइलकडे जास्त बघायचे, तेही खरं. झालं माझं कबूल करून.

पण आता ज्या बाई आहेत त्या चांगल्या आहेत. चाळीस-बेचाळीस डिग्रीत सकाळच्या शाळेला पोरांच्या आधी हजर असायच्या. तिसरीतली एक सालदाराची पोरगी दुकानात येऊन खताच्या गोणीवरचं सगळं वाचून दाखवते, नत्र स्फुरद पालाशसकट, आणि चॉकलेट मागते. देतो.

काकूला महिन्याला हजार रुपये मिळायचे, आता अडीच हजार मिळतात, तेही दहाच महिने. परवा मोठं पातेलं घासून माळ्यावर टाकलं तिने. मी म्हटलं, "काकू, काय झालं?" तर म्हणे, "आते धाकलं पातेलं बी पुरी." आता धाकटं पातेलंही पुरतं म्हणे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दुसऱ्या शिक्षकाचा विषय मांडणार आहे. ज्यांनी त्या टीव्हीला वर्गणी दिली होती त्यांनी यावं, पोरं कुठेही शिकत असोत. ठराव करू, सह्या घेऊ आणि जीप भरून पंचायत समितीत जाऊ. संमेलनाला जाता येतं तर तिथेही जाता येईल.

आणि कमेंटमध्ये 'तुझी पोरं कुठे शिकली' विचारायला टपलेल्यांसाठी आधीच सांगतो: याच शाळेत, दोघंही. मोठी धुळ्याला कृषी महाविद्यालयात आहे. तिला इंग्रजी येतं का ते तिलाच विचारा. जरा जपून विचारा, अहिराणीत उत्तर देते.