परदेशातून : दिमित्रोव्ह आडनाव आणि आपलं मधलं नाव

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावाची सरकारी मांडणी बदलली. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. कुणाला यात आईला उशिरा मिळालेला मान दिसतो, तर कुणाला नाव उगाच लांबवल्यासारखं वाटतं. बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे राहून हा वाद वाचताना वाटतं, की भांडण चुकीच्या जागी अडकलं आहे. विवाहित स्त्रीच्या मधल्या नावाचा जास्त जाचक प्रश्न तसाच राहिला. त्या निर्णयातही तिच्यासाठी नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनीच पद्धत कायम ठेवली आहे.

बल्गेरियातही आपल्यासारखंच तीन भागांचं नाव असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते कसं घडतं हे दिमित्रोव्ह या आडनावावरून चांगलं कळतं. इव्हानोव्हच्या खालोखाल जी आडनावं सगळीकडे भेटतात, त्यांतलं हे एक. मूळ नाव दिमितर, म्हणजे थेसालोनिकीचा संत दिमित्रिओस. त्याचा सण २६ ऑक्टोबरला. नावाच्या शेवटी कठीण व्यंजन असेल तर ‘-ओव्ह’ लागतो, म्हणून दिमितरचा दिमित्रोव्ह होतो आणि मधला स्वर गळतो. शेवटी ‘इ’ असेल तर ‘-एव्ह’, म्हणून गिओर्गीचा गिओर्गिएव्ह. मुलगी असेल तर दिमित्रोवा. रशियन लोक वडिलांच्या नावाला ‘-ओविच’ लावतात आणि आडनाव वेगळं ठेवतात. बल्गेरियनमध्ये मात्र दोन्हींचा प्रत्यय एकच, त्यामुळे नवख्याला मधलं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं ते उमगत नाही. घरगुती नावांनी आणखी फाटे फोडले: दिमोपासून दिमोव्ह, मितोपासून मितोव्ह, मित्कोपासून मित्कोव्ह. संत एक, आडनावं अनेक.

उस्मानी, म्हणजे तुर्की सुलतानांच्या, राजवटीत बहुतेक शेतकरी कुटुंबांना पिढ्यानपिढ्या टिकणारं आडनाव नव्हतंच. अमक्याचा मुलगा तमका, एवढ्यावर भागायचं. त्यामुळे ‘आडनाव’ दर पिढीला बदलायचं. कवी आणि क्रांतिकारक ख्रिस्तो बोतेव्ह याच्या वडिलांचं नाव बोतयो पेत्कोव्ह. मुलगा बापाच्या आडनावाने नव्हे, बापाच्या नावाने ओळखला गेला. कम्युनिस्ट नेता गिओर्गी दिमित्रोव्ह याचं पूर्ण नाव गिओर्गी दिमित्रोव्ह मिहायलोव्ह, म्हणजे जगाला माहीत झालं ते त्याचं मधलं नाव. त्याच्यावरून बल्गेरिया, सर्बिया आणि रशिया अशा तीन देशांत दिमित्रोव्हग्राद नावाची गावं आहेत. रशियातल्या मेलेकेसला हे नाव १९७२ मध्ये मिळालं.

आजचा कायदाही दार थोडं उघडं ठेवतो. बापाचं आडनाव किंवा त्याचं मधलं नाव, यांपैकी कोणतंही मुलाचं आडनाव होऊ शकतं. इव्हान दिमित्रोव्ह पेत्रोव्ह याच्या मुलाचं, स्तोयानचं, नाव स्तोयान इव्हानोव्ह पेत्रोव्ह होईल किंवा स्तोयान इव्हानोव्ह दिमित्रोव्ह. दुसऱ्या वाटेने आजोबा दिमितरचं नाव आडनावात येतं. म्हणून दिमित्रोव्ह घराणी आजही नव्याने जन्मतात. दोन दिमित्रोव्ह भेटले म्हणजे ते भाऊबंद, असं कुणी इथे धरत नाही. आपल्याकडे आडनाव ऐकताच गाव आणि जात हुडकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. घराणं शोधणाऱ्याची मात्र पंचाईत होते: दोन पिढ्या मागे गेलं की आडनावाचा धागा तुटतो आणि गावातल्या चर्चच्या वह्यांत वडिलांच्या नावावरून एकेक पायरी उतरावी लागते.

आता मुद्द्याचं. बल्गेरियन स्त्रीचं मधलं नाव लग्नाने बदलत नाही. ती आडनाव नवऱ्याचं घेईल, स्वतःचं ठेवेल किंवा दोन्ही जोडेल, पण मध्ये बापाचं नाव जन्मापासून शेवटपर्यंत तेच. शाळेचा दाखला, पदवी, ओळखपत्र यांतली निदान दोन नावं जुळतातच, शिवाय दहा आकडी नागरी क्रमांक असतो. आपल्या मुलीची मार्कशीट वडिलांच्या नावाने, पासपोर्ट नवऱ्याच्या. परदेशात पदवी मान्य करून घेताना ही दोन माणसं नसून एकच आहे हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रातली नोंद, आणि या प्रत्येकाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) व भाषांतर लागतं. हा जाच आईचं नाव जोडून कमी होत नाही.

उलट एक नवा जाच येऊ शकतो. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी फक्त ३९ जागा असतात. कुलकर्णी, समृद्धी, ज्योत्स्ना, चंद्रशेखर हे सगळं रोमन लिपीत, मधल्या खुणांसह ४२ जागा घेतं. म्हणजे वडिलांच्या नावाची शेवटची तीन अक्षरं गळतात. आईशिवाय तेच नाव ३४ जागांत मावतं. जन्मदाखल्यात आई आणि वडील दोघांच्या नावांचे रकाने स्वतंत्र असतातच. प्रत्येक सरकारी कागदावर तेवढाच ठळक, सक्तीचा रकाना आईसाठी ठेवला असता तर मानही मिळाला असता आणि नावही आटोपशीर राहिलं असतं.

बल्गेरियाकडून सगळंच उचलण्यासारखं नाही. १९८४च्या डिसेंबरपासून अवघ्या काही महिन्यांत इथल्या आठ लाखांहून अधिक तुर्की नागरिकांची नावं सरकारने जबरदस्तीने बदलली. वेटलिफ्टर नाइम सुलेमानोव्हला कागदावर नाउम शालामानोव्ह केलं. १९८६ मध्ये तो मेलबर्नमधून निसटला आणि १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानसाठी नाइम सुलेमानओलू म्हणून सुवर्णपदक जिंकला. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून गेली. १९९०च्या कायद्याने जुनी नावं परत घेण्याची मुभा दिली. आजच्या नागरी नोंदणी कायद्यात प्रत्ययाचा नियम आहे, पण कुटुंबाच्या, वंशाच्या किंवा धर्माच्या परंपरेत बसत नसेल तर तो लावू नये अशी सूटही तिथेच लिहिली आहे.

महाराष्ट्राच्या नियमात अशा दोन ओळींची गरज आहे: लग्नानंतर स्त्रीचं मधलं नाव आपोआप बदलणार नाही, आणि आईचं नाव नावाच्या ओळीत घ्यायचं की वेगळ्या रकान्यात, हे पालक नोंदणीच्या वेळी ठरवतील.