'टॉमचे वडील' म्हणू नका, प्लीज

परवा ऑफिसात जेवताना आइस हॉकीचा विषय निघाला. जर्मनीचा जुना खेळाडू एरिख क्यूनहाक्ल याचं नाव मी घेतलं, तर समोरचा म्हणाला, "म्हणजे टॉमचे वडील ना?" टॉम पिट्सबर्गकडून २०१६ आणि २०१७ असा दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचं विजेतेपद, जिंकला, त्याचं कौतुक मलाही आहे. पण तेव्हापासून मनात सलतंय, म्हणून लिहितोय.

मी म्युनिकला राहतो. लांड्सहूट इथून ट्रेनने तासाभराच्या आत. एरिख तिथला, पण जन्माने नाही. १९५०चा जन्म, चेकोस्लोव्हाकियातल्या एका जर्मन कुटुंबातला. १९६८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, घरच्यांबरोबर सगळं मागे टाकून तो इकडे आला. दोन वर्षांत, १९७० मध्ये, लांड्सहूटचा संघ जर्मन विजेता झाला आणि हा पोरगा त्या संघात होता. उंची १९६ सेंटिमीटर. लोक त्याला स्केट्सवरचं कपाट म्हणायचे. पण कपाट गोल करत नाही हो! जर्मन लीगमध्ये ७७४ सामने, ७२४ गोल, वर ७०७ गोलांना हातभार. १९७९-८० च्या एकाच हंगामात १५५ गुण, म्हणजे गोल आणि हातभार मिळून.

आता इनसब्रुक, १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक, एरिख पश्चिम जर्मनीच्या संघात. हे मी कुणालाही कितीही वेळा सांगू शकतो. पश्चिम जर्मनी, फिनलंड आणि अमेरिका, तिघांचे गुण सारखे. जर्मनी फिनलंडकडून ३-५ ने हरलेली, शेवटच्या सामन्यात अमेरिकेला ४-१ ने हरवलेलं. फिनलंड अमेरिकेकडून ४-५ ने हरलेला. आपसातल्या सामन्यांत जर्मनीचे ७ गोल, खाल्लेले ६. फिनलंडचे ९, खाल्लेले ८. वजाबाकी केली तर दोघांचा एकच गोल जास्त. पण नियम भागाकाराचा होता! सात भागिले सहा हे नऊ भागिले आठपेक्षा ०.०४१ ने मोठं, आणि तेवढ्यावर कांस्यपदक. सामना जिंकूनही खेळाडूंना आधी पदक हुकलं असंच वाटलं होतं. ते पदक जर्मनीला पुढची ४२ वर्षं पुरलं, थेट २०१८च्या प्याँगचँगच्या रौप्यपर्यंत.

"एनएचएल खेळला नाही ना पण," असं म्हणणारे भेटतात. नाही खेळला. त्या काळी युरोपातून तिकडे जाणारेच मोजके होते. आणि मला खरंच कळत नाही, एखाद्याने आपल्या गावच्या, आपल्या देशाच्या बर्फावर वीस वर्षं घाम गाळला तर त्याची किंमत अमेरिकेच्या तराजूत का तोलायची? १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने हॉल ऑफ फेम सुरू केला, त्या पहिल्याच यादीत तो आहे. २००० साली जर्मनीने त्याला शतकाचा आइस हॉकीपटू ठरवलं. निर्वासित म्हणून आलेल्या पोराला या देशाने शतकाचा मान दिला, हे वाचताना मला, परक्या देशात राहणाऱ्याला, भरून येतं.

शिवाय सारायेव्हो, १९८४ चं हिवाळी ऑलिंपिक. वय तेहेतीस. सोव्हिएत संघ सुवर्णपदक घेऊन गेला, जर्मनी पाचवी. पण त्या ऑलिंपिकमध्ये सगळ्यात जास्त गुण कुणा सोव्हिएत खेळाडूचे नव्हते. ८ गोल आणि ६ असिस्ट, एकूण १४ गुण, लांड्सहूटच्या एरिख क्यूनहाक्लचे होते.